बिनतारी जगांतील आपलें नांव

यंदा शाळा उघडून आठ दिवसही झाले नसतील, तोंच नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्याकडे आला व त्यानें वहीचें एक पान आमच्यापुढें ठेविलें. पानावर तीन-तीन इंग्रजी अक्षरांचे पांच गट सुबक लिहिलेले होते. "सर, ह्यांतला कोणता मागूं?" एवढाच त्याचा प्रश्न. हौशी बिनतारीची परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता आणि परवान्याच्या अर्जांत आपल्या पसंतीचा कॉल साइन त्यास सुचवावयाचा होता. त्याचे वडील व्हरांड्यांत उभे होते. अंबरनाथच्या एका कारखान्यांत ते पाळीवर जातात. अर्ज आजच रवाना झाला म्हणजे पुन्हा रजा घ्यावयास नको, असा त्यांचा सरळ हिशेब. आम्हीं आठ दिवस थांबावयास सांगितलें, तें त्यांस रुचलें नाहीं हें उघड दिसत होतें. "तीन अक्षरें तर आहेत, सर. त्यांना आठ दिवस कशाला?" असें ते म्हणाले. ह्या प्रश्नाचें उत्तर व्हरांड्यांत उभ्याउभ्यां देण्यासारखें नव्हतें. म्हणून तें येथें विस्तारानें देत आहों.

ज्या पालकांस हा विषय अगदीं नवा असेल त्यांच्याकरितां प्रथम दोन शब्द. सरकारची परीक्षा देऊन व परवाना घेऊन जो मनुष्य आपल्या घरीं बिनतारी यंत्र बाळगतो, आणि केवळ ज्ञानाच्या व मैत्रीच्या आवडीनें जगांतील इतर समानशीलांशीं बोलतो, त्यास हौशी बिनतारीवाला अथवा 'हॅम' असें म्हणतात. ह्या लहरींवर व्यापाराचे निरोप, राजकारणाचा प्रचार किंवा गाणींबजावणीं ह्यांस मनाई आहे. पैसा घेऊन निरोप पोंचवितां येत नाहीं. बारा वर्षांच्या मुलासही परीक्षेस बसतां येतें. परवान्याबरोबर सरकार प्रत्येकास एक खूण देतें; तोच कॉल साइन. जगांत तशी दुसरी खूण असत नाहीं. यंत्रावर बोलावयास आरंभ करतांना, बोलणें संपवितांना, व संभाषण लांबलें तर मध्यंतरींही, ती उच्चारलीच पाहिजे असा नियम आहे.

हें सर्व परकें वाटण्याचें कारण नाहीं. आमचे बहुतेक विद्यार्थी आगगाडीच्या रुळांलगतच वाढलेले आहेत. फलाटावरच्या पाटीवर 'बी एल' हीं अक्षरें दिसलीं कीं गाडी बदलापूरची, नुसता 'ए' दिसला कीं अंबरनाथची, हें ज्ञान त्यांस इंग्रजी पहिल्या पुस्तकाच्या आधींच झालेलें असतें. रेल्वेच्या दप्तरांत तर ह्या स्थानकांचीं आणखी निराळीं नांवें आहेत: अंबरनाथ म्हणजे ए-बी-एच, बदलापूर म्हणजे बी-यू-डी, उल्हासनगर म्हणजे यू-एल-एन-आर, कल्याण म्हणजे के-वाय-एन. असल्या अक्षरांची चाल तारायंत्राच्या काळची. दर वेळीं गांवाचें सबंध नांव कडकट्ट करीत बसण्यास तारमास्तरास सवड नसे. ज्या गांवच्या शिवालयांत इ. स. १०६० सालचा शिलालेख आहे, तें गांवही तारेवर अशा रीतीनें तीन अक्षरांत मावूं लागलें. एक नांव आपल्या माणसांच्या तोंडीं असावयाचें, दुसरें दूरच्या अनोळखी कानांत स्पष्ट उमटावयाचें. दोहोंचीं कामें निराळीं, म्हणून दोहोंची घडणही निराळी.

आतां कॉल साइनमधील अक्षरें कोठून आलीं तें पाहूं. हिंदुस्थानांतील पहिले हौशी बिनतारीवाले म्हणून अमरेंद्रचंद्र गुप्तू ह्यांचें नांव घेतलें जातें. त्यांस १९२१ सालीं परवाना मिळाला व त्यांची खूण '२ जे के' अशी होती. त्यांच्याच वेळचे मुकुल बोस ह्यांची खूण '२ एच क्यू'. ह्या खुणांत देशाचा पत्ता कोठेंच नाहीं हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. त्या वेळीं त्याची गरजही कोणास भासली नाहीं, कारण हौशी लोकांचा आवाज आपल्या मुलखाबाहेर फारसा जात नसे. परंतु १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील लेऑन डेलॉय व अमेरिकेंतील फ्रेड श्नेल ह्या दोघांनीं आखूड लहरींवर अटलांटिक महासागर ओलांडून परस्परांशीं संभाषण केलें, आणि तेव्हांपासून ऐकूं येणारा '२' कोणत्या देशाचा हा घोटाळा सुरू झाला.

येथें एका शाळकरी मुलाची हकीकत सांगितल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. १९२४ सालच्या १८ ऑक्टोबर रोजीं लंडनच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें शाळेंतील यंत्रावरून न्यूझीलंडांत, मेंढ्यांच्या कुरणांवर राहणाऱ्या फ्रँक बेल ह्या तरुणाशीं मोर्स लिपींत संभाषण केलें. इंग्लंड व न्यूझीलंड हे पृथ्वीच्या गोलावर जवळजवळ समोरासमोर असलेले देश. त्यापलीकडे आणखी दूर जाण्यास पृथ्वीवर जागाच उरत नाहीं. गॉयडर '२ एस झेड' होता आणि बेल '४ ए ए'. हाच गॉयडर पुढें १९३६ सालीं ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानांत आला, व आपल्या देशांतील आखूड लहरींच्या केंद्रांची उभारणी त्याच्या देखरेखीखालीं झाली. शाळेच्या प्रयोगशाळेंत रात्रीं दिवा जळत ठेवणाऱ्या मुलांवर रागावण्यापूर्वीं आम्ही स्वतःस ह्या गोष्टीची आठवण देत असतों.

पुढें १९२७ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत जगांतील सर्व देशांस अक्षरें वांटून देण्यांत आलीं. हिंदुस्थानाच्या वांट्यास 'व्ही टी' पासून 'व्ही डब्ल्यू' पर्यंतचा भाग आला. 'व्ही टी' विमानांस मिळाला. १९३२ च्या १५ ऑक्टोबर रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांनीं कराचीहून जुहूस टपाल आणलें त्या चिमुकल्या विमानावर तींच अक्षरें होतीं व आजच्या प्रचंड विमानांवरही तींच आहेत. मुंबईचें नभोवाणी केंद्र 'व्ही यू बी', दिल्लीचें 'व्ही यू डी'. हौशी लोकांसही 'व्ही यू' हेंच आद्य नांव मिळालें. त्यापुढील आंकड्याला अर्थ आहे: वरच्या परीक्षेचा परवाना असेल तर २, खालच्या परीक्षेचा असेल तर ३, अंदमान-निकोबारांतून बोलणारा ४ म्हणतो, लक्षद्वीपांतून बोलणारा ७. एवढें झाल्यावर जीं दोन किंवा तीन अक्षरें उरतात, तींच काय तीं आपलीं. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीच्या पानावर होतीं तीं हींच.

मात्र हें नांव आईबापांनीं ठेवलेल्या नांवासारखें कायमचें नसतें. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू होतांच हौशी लोकांचे परवाने रद्द झाले व यंत्रें सरकारजमा होऊं लागलीं. एका रात्रींत सर्वांचीं नांवें पुसलीं गेलीं. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९४२ च्या चळवळींत, मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनीं गुप्तपणें काँग्रेस रेडिओ चालविला. त्याचें यंत्र उभारण्यांत नरिमन प्रिंटर ह्या बिनतारी जाणणाऱ्या गृहस्थांचा हात होता. त्या केंद्रास सरकारी खूण कोठून असणार? आपण ४२·३४ मीटरवर, हिंदुस्थानांतून कोठून तरी बोलत आहों, एवढीच आपली ओळख तें केंद्र देई. जागा बदलत, पोलिसांच्या हुलकावण्या चुकवीत त्यांनीं तें नोव्हेंबरपर्यंत चालविलें. १२ नोव्हेंबर रोजीं उषा मेहता व त्यांचे कांहीं सोबती पकडले गेले. कॉल साइन असणें म्हणजे आपण कोण हें उघड सांगण्यास तयार असणें, आणि तो नसणें म्हणजे काय, हें ह्या एका उदाहरणावरून जितकें कळतें तितकें नियमांच्या पुस्तकावरून कळत नाहीं.

१९४७ सालीं देशाबरोबर अक्षरांचीही फाळणी झाली. पाकिस्तानच्या हौशी बिनतारीवाल्यांस 'ए पी' हें आद्य नांव मिळालें. ही गोष्ट वर्गांत सांगितली, तेव्हां उल्हासनगरच्या एका सिंधी मुलीनें हात वर केला. तिचे पणजोबा फाळणींत सिंध सोडून कल्याणच्या लष्करी छावणींत आले. युद्धकाळांत सैनिकांसाठीं बांधलेल्या त्या छावणीचेंच ८ ऑगस्ट १९४९ रोजीं उल्हासनगर असें नामकरण झालें. "सर, आमच्या पत्त्यांत अजून कॅम्प नंबर आणि बरॅक नंबर आहे. बरॅक केव्हांच पाडली, आतां तेथें चार मजली इमारत आहे," ती म्हणाली. सैनिक गेले, बरॅक गेली, क्रमांक मात्र टपालवाल्याच्या जिभेवर राहिला. पणजोबांस तो क्रमांक कोणीं विचारून दिला नव्हता. पण नातवंडें-पतवंडें त्यावरूनच ओळखलीं जातात, आणि तिच्या सांगण्यांत तक्रार मुळींच नव्हती. किंचित् अभिमानच होता.

आतां मुख्य प्रश्न. अक्षरें निवडावयाचीं कशीं?

बहुतेक मुलें प्रथम स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें मागतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं, परंतु आद्याक्षरें आईबापांनीं बिनतारीचा विचार करून ठेवलेलीं नसतात. मोर्स लिपींत बोलावयाचें असेल तर अक्षरांची लांबी पाहावी लागते. एका बिंदूस एक मात्रा धरली तर रेघेस तीन मात्रा लागतात; एकाच अक्षरांतील दोन चिन्हांमध्यें एक मात्रेची व दोन अक्षरांमध्यें तीन मात्रांची विश्रांति असते. ह्या हिशेबानें 'ई' हें अक्षर एका मात्रेचें, 'आय' तीन मात्रांचें, 'एस' पांच मात्रांचें. आणि 'जे', 'वाय' व 'क्यू' हीं प्रत्येकीं तेरा मात्रांचीं. म्हणजे 'ई-आय-एस' हा गट विश्रांतीसह पंधरा मात्रांत संपतो, तर 'जे-वाय-क्यू' ह्यास पंचेचाळीस मात्रा लागतात. बरोबर तिप्पट! रात्रभरांत शंभर वेळां आपलें नांव वाजविणाऱ्याचें मनगट हा फरक विसरत नाहीं.

मग सर्वांत आंखूड अक्षरें घ्यावीं काय? तसेंही नाहीं. 'ई' म्हणजे एक बिंदु, 'आय' म्हणजे दोन, 'एस' म्हणजे तीन, 'एच' म्हणजे चार. पावसाळ्यांत विजांचा कडकडाट लहरींत मिसळतो, त्यांत एखादा बिंदु हरवला किंवा एखादा उपरा बिंदु शिरला कीं 'एच' चा 'एस' होतो व 'एस' चा 'आय'. नुसत्या बिंदूंचें नांव म्हणजे पाण्यावर काढलेली रांगोळी. बिंदु व रेघ ह्यांचें आलटून पालटून येणें ज्यांत आहे, ज्यास एक प्रकारचा ठेका आहे, तें नांव कानांत राहतें. 'व्ही यू २' ह्यास तो ठेका आपसूकच आहे: तीन बिंदु एक रेघ, दोन बिंदु एक रेघ, दोन बिंदु तीन रेघा. विद्यार्थ्यांनीं बाकावर बोटानें वाजवून पाहावें. तासाच्या वेळीं मात्र नव्हे.

तोंडानें बोलावयाचें असेल तर निराळाच पेंच पडतो. इंग्रजीं बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ह्या आठ अक्षरांच्या उच्चाराचा शेवट एकच आहे. 'एम' आणि 'एन', 'एफ' आणि 'एस' ह्यांचीही तीच कथा. ह्याचें कारण शास्त्रीय आहे. बिनतारी यंत्रावरचें बोलणें साधारणपणें सेकंदास तीनशें ते तीन हजार कंपनांच्या पट्ट्यांतून पाठविलें जातें, आणि 'स' चा जो सूत्कार त्यास 'फ' पासून वेगळा करतो, त्याचा मोठा भाग ह्या पट्ट्याच्या वर असतो. तो वाटेंतच गळतो. समोरच्याचा कान कितीही तीक्ष्ण असला तरी जें आलेंच नाहीं तें तो ऐकणार कसा? म्हणून अक्षरांस शब्द जोडण्याची रीत पडली: ए म्हणजे आल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, डी म्हणजे डेल्टा. आज चालू असलेली शब्दमाला १९५६ पासून रूढ आहे. आमचीं मुलें टेलिफोनवर 'डी फॉर डोंबिवली', 'बी फॉर बदलापूर' असें खुशाल म्हणतात व तें कल्याणपर्यंत चालतेंही. परंतु ब्राझिलांतल्या माणसानें बदलापूर ऐकलेलें नसतें.

कांहीं गट मागूनही मिळत नाहींत. 'एस ओ एस' सारखी संकटाची खूण, किंवा 'क्यू' ने सुरू होणाऱ्या ज्या तीन अक्षरी सांकेतिक संज्ञा बिनतारींत रूढ आहेत, त्यांशीं घोटाळा होईल असें नांव कोणासही दिलें जात नाहीं. ज्यांचा उच्चार केल्यास कोणत्या तरी भाषेंत हंसें होतें असे गटही टाळलेले बरे. नववींतल्या मुलास तें गंमतीचें वाटतें, पण तें नांव त्यास पन्नाशींतही घ्यावयाचें असतें.

येथवर जें लिहिलें तें पुस्तकी वाटेल. आमची स्वतःची एक चूक सांगितल्याशिवाय त्याचें वजन कळणार नाहीं. ती सांगणें सुखाचें नाहीं.

२६ जुलै २०१९ ची रात्र बदलापूर-वांगणीकडील वाचकांस आठवत असेलच. त्या रात्रीं उल्हास नदी पात्राबाहेर पडली. मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्यामध्यें पाण्यांत अडकली, आणि दुसऱ्या दिवशीं सुमारें एक हजार पन्नास उतारूंस होड्यांनीं व दोरांच्या आधारानें बाहेर काढावें लागलें. आमच्या आळींतले दिवे गेले होते, मोबाइल मुके झाले होते. ओळखीचे आठ-दहा हौशी बिनतारीवाले हातांतल्या लहान यंत्रांवर एका ठराविक लहरीवर जमले होते, व एक वडीलधारे गृहस्थ एकेकाचें नांव घेऊन "तुमच्याकडे पाणी किती?" असें विचारून कागदावर टिपून ठेवीत होते. संकटकाळीं असा उपयोग करण्यास मुभा असते.

आमच्या खुणेच्या शेवटीं जीं तीन अक्षरें आहेत त्यांत एक 'एस' व एक 'डी' आहे. नदीच्या बाजूस राहणाऱ्या एका गृहस्थांच्या खुणेंत त्याच जागीं 'एफ' व 'बी' आहे. तिसरें अक्षर दोघांचें एकच. रात्रीं दोनच्या सुमारास नाव पुकारलें गेलें तें केवळ शेवटच्या तीन अक्षरांनीं. 'व्ही यू' नाहीं, आंकडा नाहीं, ब्राव्हो-डेल्टाही नाहीं. सर्वच दमले होते. आम्हांस वाटलें आमचेंच नांव आलें. आम्हींही आपली पूर्ण खूण न सांगतां नुसतें म्हटलें, "येथें पाणी नाहीं, सर्व कुशल आहे." त्याच क्षणीं ते नदीकांठचे गृहस्थही आपल्या यंत्रावरून उत्तर देत होते. ह्या प्रकारच्या लहरींत दोघे एकदम बोलले तर जवळचा, बळकट आवाजच तेवढा ऐकूं येतो व दुसरा पार दबून जातो. ते सांगत होते कीं पाणी उंबऱ्याला लागलें आहे आणि आईस वर नेण्यास कोणी तरी हवें आहे. कागदावर त्यांच्या नांवापुढें लिहिलें गेलें: कुशल. थोड्याच वेळानें त्यांचें यंत्र पाण्यांत पडून बंद झालें. ज्याच्या नांवापुढें कुशल लिहिलें आहे त्याची चौकशी कोण करणार? पहांटे साडेपांच वाजतां आमचें नांव पुन्हा पुकारलें गेलें तेव्हां हा प्रकार उलगडला. तोंवर त्या गृहस्थांनीं ऐंशी वर्षांच्या आईस एकट्यानें पाठीवर घेऊन शेजारच्या दुसऱ्या मजल्यावर नेलें होतें. देवाच्या दयेनें दोघेंही सुखरूप राहिलीं.

चार दिवसांनीं आम्ही क्षमा मागावयास गेलों. ते रागावले नाहींत. चहा झाल्यावर एवढेंच म्हणाले, "सर, त्या रात्रीं माझ्या नांवानें तुम्ही सुखरूप होतां." ह्या वाक्यास उत्तर आम्हांस अजून सुचलेलें नाहीं.

बिनतारींत हाक मारण्याची जी जुनी पद्धत आहे ती हा अनर्थ टाळण्याकरितांच आहे. ज्यास बोलवावयाचें त्याचें पूर्ण नांव प्रथम, मग 'डी ई' म्हणजे फ्रेंच भाषेंतला 'कडून' हा शब्द, मग आपलें पूर्ण नांव. बाल शमुवेलाची गोष्ट आमच्या मुलांस ठाऊक आहेच. हाक त्यास स्पष्ट ऐकूं आली, पण हाक मारणारा कोण हें न कळल्यामुळें तो बिचारा रात्रींतून तीन वेळां उठून एलीकडे धांवत गेला. दोन्ही नांवें लागतात. एकानें भागत नाहीं.

नांव मिळाल्यानंतर त्याच्याबरोबर संसार करावा लागतो, व त्यांत गंमतीही पुष्कळ आहेत. ज्यांस आम्ही दहा-बारा वर्षें ओळखतों अशा कित्येकांचें आडनांव, जात, धंदा कांहींच आम्हांस ठाऊक नाहीं. कॉल साइन मात्र झोपेंतही सांगतां येईल. राजीव गांधी हे 'व्ही यू २ आर जी' होते व जॉर्डनचे राजे हुसेन 'जे वाय १'. पदव्या लहरींबाहेर ठेवून असे लोक इतरांशीं बरोबरीनें बोलत. संभाषण झाल्याची साक्ष म्हणून एकमेकांस कार्डें धाडण्याची चाल आहे. तीं भिंतीवर लावूं लागलें कीं प्रथम पत्नीचें व मागाहून घरमालकाचें मत विचारावें लागतें. गच्चीवर तार ताणण्याविषयीं गृहनिर्माण संस्थेच्या सभेंत जे उद्गार निघतात ते येथें छापण्याजोगे नाहींत. त्यांचा दूरचित्रवाणी संच बिघडला तरी कारण आम्हीच, आणि नळास पाणी आलें नाहीं तरीही! डोंगरांचाही एक अडथळा असतो. लहान यंत्राच्या लहरी सरळ रेषेंत जातात. मलंगगड व माथेरानची रांग ह्यांच्या आड सांपडलेल्या बदलापुरांत तळमजल्यावर बसून पुण्याशीं बोलण्याची आशा धरूं नये. मोठ्या लहरींवर मात्र सायंकाळीं केरळचा मनुष्य शेजारच्या खोलींत असल्यासारखा बोलतो.

नांव जगावें लागतें ह्याचें उदाहरण म्हणून भारती प्रसाद ह्यांचा उल्लेख केला पाहिजे. त्यांची खूण 'व्ही यू २ आर बी आय'. २००४ च्या डिसेंबरांत हैदराबादच्या हौशी बिनतारी संस्थेच्या तुकडीबरोबर त्या अंदमानांत गेल्या व तेथून 'व्ही यू ४ आर बी आय' ह्या खुणेनें बोलूं लागल्या. आंकडा बदलला, शेवटचीं तीन अक्षरें तींच राहिलीं. त्या बेटांशीं संभाषण साधावें म्हणून जगभरचे हॅम त्यांच्या खुणेवर कान लावून बसले होते. २६ डिसेंबरच्या सकाळीं समुद्र खवळून आला, टेलिफोन बंद पडले. गंमतीकरितां जगानें पाठ केलेलें तें नांव त्या दिवसापासून माणसांचीं खुशाली विचारण्याचें व कळविण्याचें साधन झालें. आपल्या महाराष्ट्रांतही ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी बिनतारीवाले आपलीं यंत्रें घेऊन लातूरकडे गेले होते.

आणि शेवटीं, हॅम मरण पावला म्हणजे त्याच्या खुणेपुढें 'सायलेंट की' असें लिहितात. कळ मुकी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आतां त्या पांच गटांकडे वळूं. पहिला गट मुलाचीं आद्याक्षरें. त्यांत 'एस' दोन वेळां आला होता. दुसरा एका क्रिकेटपटूच्या नांवाचा. तिसरा अंबरनाथ स्थानकाचा, जो आम्हांस मनांतून फार आवडला, परंतु त्याच्या शेवटीं चार बिंदूंचा 'एच' आहे. उरलेले दोन त्यानें लांबीचा हिशेब करून बनविले होते. आम्हीं कांहींच निवडून दिलें नाहीं. वर लिहिलेल्या गोष्टी त्यास चार सायंकाळीं समजावून सांगितल्या व आठवड्यानंतर येण्यास सांगितलें.

आठवड्यानंतर मुलगा आला नाहीं. वडील आले, आणि रजा घेऊन आले. वहीचें तेंच पान घडी घालून त्यांच्या खिशांत होतें, त्यावर तेलाचे डाग पडले होते. त्यांनीं तें पान कारखान्यांत नेलें होतें. तेथें यंत्रांच्या घरघरींत शेजारच्या माणसाचें बोलणें ऐकूं येत नाहीं. त्यांनीं पांचही गट चाळीस पावलांवर उभ्या असलेल्या तीन सोबत्यांस ओरडून सांगितले व प्रत्येकास जें ऐकूं आलें तें लिहून घ्यावयास लाविलें. चार गटांचे बारा निरनिराळे पाठभेद झाले. पांचवा मात्र तिघांनींही अचूक लिहिला होता. ते तिन्ही कागद त्यांनीं आमच्या टेबलावर मांडले आणि म्हणाले, "सर, हाच." आमच्या चार सायंकाळच्या व्याख्यानांत ही युक्ति आम्हांस सुचली नव्हती.

अर्ज दिल्लीस गेला आहे. उत्तर यावयाचें आहे. तो गट दुसऱ्या कोणास आधींच दिलेला असेल तर दुसरा मिळेल, म्हणून तीं अक्षरें येथें छापीत नाहीं. मुलानें तीं दप्तरावर शाईनें लिहून आईचीं बोलणीं खाल्लीं. कारखान्यांतले ते तिघे सोबती मात्र वडिलांस हल्लीं त्याच तीन अक्षरांनीं हाक मारतात.